ट्रंकेतल्या साड्यांखालची बाटली

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं त्यातून काढून टाकलं आहे. लिहिणारी सव्वीस वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी आठव्या आठवड्यात तिचा गर्भ गेला. पुढे काही महिन्यांनी केस गळायला लागले, अंग जड वाटू लागलं, पाळी लांबायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर थायरॉईड कमी निघालं. तेव्हापासून दीड वर्ष ती ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. नवऱ्याला ते ठाऊक आहे, सासरी बाकी कुणाला नाही. गोळ्यांची बाटली ट्रंकेत साड्यांखाली असते, आणि सकाळी चहा पिताना पाठमोरी होऊन ती चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळते.

आता तिला सातवा आठवडा आहे. बातमी कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पहिले तीन महिने कसलीच गोळी पोटात जाऊ द्यायची नाही. आम्ही चार बाळंतपणं काढली, एक गोळी खाल्ली नाही." शेजारच्या काकू कुणाबद्दल तरी बोलता बोलता म्हणाल्या, थायरॉईडवालीचं लेकरू मंद निपजतं. नवऱ्याने परस्पर लॅबमध्ये नेऊन टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून आणली. आकडा आला ३.९ आणि शेजारी छापलेली मर्यादा होती ०.२७ ते ४.२०. तो म्हणाला, रिपोर्ट नॉर्मल आहे, मग कशाला विषाची परीक्षा? नऊ दिवस झाले, गोळी बंद आहे. ती विचारते: गोळी बंद ठेवली तर चालेल का? पहिलं लेकरू माझ्यामुळे गेलं का? आणि सासूबाईंचं मन न मोडता हे कसं निभवायचं?

लेकी,

आधी उद्याच्या सकाळचं सांगते, बाकीचं सावकाश बोलू. उद्या उठलीस की चूळ भर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर तुझी ५० ची गोळी घे आणि पुढे तासभर चहा, दूध, खाणं काही नको. गोळी एकच घ्यायची. राहिलेल्या नऊ दिवसांच्या नऊ गोळ्या एकदम भरून काढायच्या नसतात. दवाखाना उघडला की ज्यांनी गोळी सुरू केली त्या डॉक्टरांना फोन कर आणि दोनच गोष्टी सांग: मला दिवस गेलेत, सातवा आठवडा आहे, आणि गोळी नऊ दिवस बंद होती. ते बहुतेक लगेच डोस वाढवतील. का, ते पुढे येईलच.

नऊ दिवसांनी आभाळ कोसळत नाही. हे हार्मोन अंगातून हळूहळू ओसरतं, निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे तुझा साठा उतरला आहे, पण संपलेला नाही. आणखी नऊ दिवस मात्र असे जाऊ द्यायचे नाहीत.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळू. "पहिले तीन महिने गोळी नको" हे म्हणणं अडाणीपणाचं नाही. मी स्वतः दवाखान्यात येणाऱ्या बायकांना रोज हेच सांगते. डोकं दुखलं, अंगावर पुरळ आलं, म्हणून मनाने दुकानातून गोळी आणून खाऊ नका. या तीन महिन्यांत लेकराचे अवयव घडत असतात आणि काही औषधं खरोखर घात करतात. त्यांचं चुकतं ते एवढंच, की तुझी गोळी त्या रांगेत बसत नाही. तुझ्या गळ्यातली ग्रंथी जे थायरॉक्सिन तयार करते, तेच त्या गोळीत भरलेलं असतं. १९१४ साली केंडॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा ग्रंथीतून वेगळं काढलं, आणि १९२७ साली ते प्रयोगशाळेत तयार करता आलं. शरीराला त्यात परकं असं काही नसतं. गरोदर बायकांना ते कित्येक दशकं दिलं जातं आहे, आणि योग्य प्रमाणात दिलं तर त्याने गर्भाला इजा होत नाही.

उलट, ज्या तीन महिन्यांत सासूबाईंना ती गोळी नको आहे, त्याच तीन महिन्यांत लेकराला तिची सगळ्यात जास्त गरज असते. हे मी आपल्याकडच्या बायकांना कसं सांगते ते तुला सांगते. सासूबाईंनाही याच शब्दांत सांगता येईल. पोटातल्या लेकराची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते, आणि नीट चालायला अठरा-वीस आठवडे होतात. तोवर त्याला स्वतःची विहीर नाही. ते तुझ्या विहिरीवर पाणी भरतं, आणि त्या पाण्यावर त्याचा मेंदू घडत असतो. तुझ्या विहिरीला पाणी मुळात कमी, म्हणून दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी टँकर लावला. आता घरात आणखी एक माणूस आलं आहे. अशा वेळी कुणी टँकर बंद करतं, की खेपा वाढवायला सांगतं?

खेपा वाढवायच्या म्हणजे डोस वाढवायचा. ज्या बाईची थायरॉईडची गोळी आधीपासून चालू आहे, तिचा डोस दिवस राहिल्याचं कळताच साधारण पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो. काही डॉक्टर सोपा हिशेब सांगतात: आठवड्याला सात गोळ्या घेत होतीस, आता नऊ घे. दोन दिवस दोन-दोन, बाकीचे दिवस एक. काही जण सरळ पुढच्या ताकदीची गोळी लिहून देतात. तुझ्यासाठी कोणता मार्ग, हे तुझे डॉक्टर तुझा रिपोर्ट आणि वजन बघून ठरवतील. म्हणूनच त्या फोनला उशीर नको. रिपोर्ट लॅबमधून थेट घरी आला आणि नवऱ्याने वाचला, डॉक्टरांच्या डोळ्यांखालून तो गेलाच नाही. तुझ्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे.

तुझ्या नवऱ्याचा हेतू चांगला आहे. पैसे खर्चून, गाडीवर बसवून त्याने तुला तपासणीला नेलं. पण रिपोर्टच्या शेजारी छापलेली ती मर्यादा गरोदर बाईसाठी छापलेली नसते. ती सर्वसाधारण मोठ्या माणसांची असते. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीने थायरॉईडकडे लावलेला तगादा. पाणी कमी पडलं की पंचायतीकडे जसा तगादा वाढतो, तसं थायरॉक्सिन कमी पडलं की टीएसएच वाढतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला वारेतून येणारं एक हार्मोन थायरॉईडला स्वतःच ढकलत असतं, म्हणून या दिवसांत टीएसएच एरवीपेक्षा खाली असायला हवं. केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तीन महिन्यांसाठी २.५ ही वरची मर्यादा आहे, पुढच्या महिन्यांसाठी ३. तुझ्यासारखी आधीपासून गोळीवर असलेली बाई असेल, तर २.५ च्या खाली ठेवायचं हेच डॉक्टरांचं लक्ष्य असतं. त्या मापाने तुझं ३.९ जास्त आहे.

शिवाय ते ३.९ गोळी चालू असतानाचं आहे. नवऱ्याला एवढंच विचार: हौदात पाणी दिसतंय ते टँकर येतोय म्हणून दिसतंय, मग हौद भरलेला बघून टँकर बंद करायचा का? त्यालाही हे पटेल. गोळी नऊ दिवस बंद राहिल्यावर आजचा आकडा बहुधा ३.९ राहिला नसेल.

इथे दुसऱ्या काही वाचक बायकांसाठी थांबते, कारण सगळ्यांची गोष्ट एकसारखी नसते. ज्यांना कधीच गोळी नव्हती, आणि गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीत टीएसएच जरासं जास्त, म्हणजे तीन-साडेतीन निघालं, टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, मात्र व्यवस्थित आहे, त्यांना दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतील. एक २५ ची गोळी सुरू करतील, दुसरे अँटी-टीपीओ ही तपासणी (शरीर स्वतःच थायरॉईडवर उलटलं आहे का, हे बघणारी) करून मग ठरवू म्हणतील. यात कुणी फसवत नाही. अशा सौम्य प्रकारात गोळी दिली आणि नाही दिली, तरी पुढे मुलांच्या बुद्धीत फरक दिसला नाही, असं ब्रिटन-इटलीतल्या २०१२ च्या आणि अमेरिकेतल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासांत आढळलं. पण त्या बायकांना गोळी सुरू झाली तीच मुळी तिसरा महिना उलटल्यावर, त्यामुळे अगदी सुरुवातीपासून दिली असती तर काय, हा प्रश्न उरतोच. अशा बायकांनी घाबरायचं कारण नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवावं. ज्यांचं टीएसएच दहाच्या वर आहे किंवा टी-फोर कमी आहे, त्यांच्याबाबत मात्र दुमत नाही. आणि ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी ती मनाने थांबवायची नाही, यावरही नाही.

आता त्या चहाबद्दल.

तुझ्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली: चहा पिताना पाठमोरी होऊन, चहाच्या घोटाबरोबर. दीड वर्ष तू गोळी घेत होतीस, पण ती पूर्ण तुझ्या अंगी लागत नव्हती. थायरॉक्सिन मुळात अवघडपणे शोषलं जातं. चहा, कॉफी, दूध सोबत असेल तर ते आणखी कमी शोषलं जातं. अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, एवढंच तिचं पथ्य आहे. तू गोळी लपवलीस, म्हणून तुला चहाचा आडोसा घ्यावा लागला, आणि आडोशाने गोळीचा काही भाग वाया गेला. ३.९ मध्ये या चहाचाही वाटा असू शकतो. डॉक्टरांना हे सांग. नाहीतर गोळी कमी पडते असं समजून ते डोस वाढवत जातील, आणि तू चहा सोडलास की तोच डोस जास्त होईल. छातीत धडधड, हातांना कंप, घाम असं काही वाटलं तर तेही कळव.

गावाकडच्या बाईला या गोळीसाठी खरं तर शहरातल्या बाईपेक्षा जास्त सोय आहे. तुमच्याकडे पहाटे पाचला दिवस सुरू होतो. तोंड धुतलं की गोळी. मग अंगण झाडणं, सडा, नळ आला असेल तर पाणी भरणं. चूल पेटून चहाला आधण येईपर्यंत तास होऊन जातो.

पहाटे उलट्या होत असतील, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात अनेकींना होतात, तर गोळी रात्री झोपताना घेता येते. अट एकच, जेवून तीन तास झालेले असावेत. म्हणजे सातला भाकरी खाल्ली तर दहाला गोळी. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर परत घ्यायची की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर मात्र गोळीचा विचार बाजूला ठेवून दवाखान्यात जा.

पुढे चौथ्या महिन्यापासून आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणून देतील. त्या घ्यायच्याच, पण थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर. नाहीतर त्या तिला पोटात धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. पहाटे थायरॉईड, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, रात्री लोह, अशी घडी बसव. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांसोबत घेऊ नयेत. सध्या पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड पुरे, त्याची थायरॉईडच्या गोळीशी भांडणं नाहीत. आमच्या दवाखान्यात एक बाई टीएसएच दर महिन्याला वाढतच जातं म्हणून यायची. गोळी चुकवत नव्हती, अनशापोटी घेत होती. एकदा तिला म्हटलं, सकाळी जे करतेस ते इथे करून दाखव. तिने पिशवीतून सगळ्या पट्ट्या काढल्या, थायरॉईड, लोह, कॅल्शियम तिन्ही गोळ्या तळहातावर ठेवल्या आणि एकाच घोटात गिळायची खूण केली. "एकदाच तोंड कडू करावं," म्हणाली. वेळा बदलल्यावर पुढच्या तपासणीत तिचा आकडा खाली आला, डोसला हात न लावता.

बाटलीबद्दलही सांगते. लोखंडी ट्रंक पत्र्याच्या खोलीत असेल तर उन्हाळ्यात आत भट्टी असते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि ही गोळी उष्णतेने, दमटपणाने कमजोर पडते. माळवदाच्या घरात आतल्या खोलीतली देवळी ही तिची जागा. ऊन नको, आणि माठाशेजारचा ओलावाही नको. बाटलीचं झाकण घट्ट लावायचं, आत ओली बोटं घालायची नाहीत. कंपनी शक्यतो बदलू नये. दुकानदाराने दुसरी दिली तर आकडा वाच: २५, ५०, ७५ या ताकदी दिसायला सारख्याच बाटल्यांत येतात.

खाण्यापिण्याचं फार मनावर घेऊ नकोस. कोबी-फुलकोबी शिजवून खाल्लेली चालते. आपला भाग सोयाबीनचा, त्यामुळे सोयाबीनच्या वड्या किंवा पिठात मिसळलेलं सोयाबीन घरोघरी असतं. ते वर्ज्य नाही, फक्त गोळीच्या जवळच्या वेळेत नको. मीठ मात्र बघून घे. गरोदरपणी आयोडीन जास्त लागतं, रोज २५० मायक्रोग्रॅम, आणि ते आपल्याला मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून मिळतं. सैंधव किंवा खडे मीठ आरोग्याचं म्हणून बारा महिने वापरायचं फॅड आता खेड्यांतही आलंय, त्यात बहुतेक वेळा पुरेसं आयोडीन नसतं. उपवासाच्या दिवशी चिमूटभर सैंधव वापरलं तर ठीक. रोजच्या स्वयंपाकात पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलंच मीठ असू दे. आणि मीठ जास्त खाल्लं म्हणून तुझं थायरॉईड बरं होणार नाही, गोळीची जागा मीठ घेत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तो तू पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत लिहिला आहेस. पहिलं लेकरू माझ्यामुळे गेलं का?

नाही. थायरॉईड फार कमी असेल आणि उपचार नसतील तर गर्भ जाण्याचा धोका वाढतो, हे खरं आहे, ते तुझ्यापासून लपवणार नाही. पण तेव्हा तुझं टीएसएच कुणी तपासलंच नव्हतं. ते किती होतं हे आता कुणालाही सांगता येणार नाही. जे ठाऊक आहे ते असं: दिवस राहिल्याचं कळलेल्या दर शंभर बायकांत दहा ते पंधरा जणींचा गर्भ जातो, आणि पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांतले साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त जातात ते गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असल्यामुळे. आईने काय खाल्लं, काय उचललं, कुठे गेली, याचा त्याच्याशी संबंध नसतो. आणि समज, थायरॉईडचा हात होता असं गृहीत धरलं, तरी ज्या आजाराचं नावही तुला माहीत नव्हतं त्याचा दोष तुझ्या माथी कसा येईल? दोन वर्षं तू हे एकटीने वागवते आहेस. नवऱ्याजवळ तरी बोललीस का कधी? पत्रावरून वाटतं, नाही बोललीस.

काकूंच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त टोचतं. गरोदरपणभर थायरॉईड खूपच कमी राहिलं आणि काहीच उपचार झाले नाहीत तर लेकराच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. पण हे उपचार न झालेल्या बाईचं वर्णन आहे. वेळेवर गोळी घेणाऱ्या, महिन्याला रक्त तपासणाऱ्या बाईचं लेकरू इतर लेकरांसारखंच होतं. "थायरॉईडवाली" हा शब्दच मला आवडत नाही. थायरॉईड ग्रंथी काकूंच्याही गळ्यात आहे, सगळ्यांच्याच असते, तुझी थोडी कमी काम करते एवढंच.

राहिल्या सासूबाई. तू लिहितेस, त्यांचं मन मोडायचं नाही. पण त्यांचं मन नक्की कशात अडकलं आहे, हे तू विचारात घेतलंस का? दोन वर्षांपूर्वी त्यांचंही नातवंड गेलं. त्या हे कदाचित कधी बोलल्या नसतील, आपल्याकडे सासू-सुना असल्या गोष्टी बोलत नाहीत. पण या वेळी बातमी कळताच त्यांच्या तोंडून पहिलं काय निघालं? पोटात काही वावगं जाऊ देऊ नको. यात मला धाक दिसत नाही, भीती दिसते. तुलाही भीती वाटते, त्यांनाही वाटते. दोघी एकाच लेकरासाठी घाबरून एकमेकींपासून लपवताय.

तुझ्यापुढे मार्ग तीन. पहिला, आहे तसंच लपवून घेत राहायचं. आता ते अवघड जाईल, कारण दर चार आठवड्यांनी तपासणी, बदलणारा डोस आणि वाढणारं पोट हे सगळं ट्रंकेत मावणार नाही. दुसरा, आज रात्री बसून सगळं सांगून टाकायचं. मन मोकळं होईल, पण "दीड वर्ष लपवलंस" या एका वाक्यावर बोलणं अडकण्याची भीती आहे. तिसरा मला सगळ्यांत बरा वाटतो. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच सोबत घेऊन जा. "आत्या, तुम्ही चला, डॉक्टर काय सांगतात ते दोघी ऐकू." आत्या म्हणतेस की आई, जे म्हणत असशील ते. त्या आधी नवऱ्याला डॉक्टरांच्या कानावर घालू दे की सासूबाई सोबत येताहेत आणि त्यांची शंका गोळीबद्दल आहे. माझ्या अनुभवात ज्या सासूला दवाखान्यात खुर्ची दिली, सोनोग्राफीत लेकराचं काळीज धडधडताना दाखवलं, तीच पुढे पहाटे सुनेला हाक मारून उठवते, गोळी घेतली का म्हणून.

लपवल्याचा विषय निघालाच तर खरं सांग: मला वाटलं तुम्ही काळजी कराल, आणि लोक नाव ठेवतील. लग्नाच्या वेळी तुला हा त्रास माहीत नव्हता, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. हे वाक्य नवऱ्याने बोलावं. त्याला ते दीड वर्षापासून ठाऊक आहे, बोलायचा भार सगळा तुझ्यावर का? चार बाळंतपणांबद्दल त्या पुन्हा म्हणाल्या, तर वाद घालू नकोस. त्यांना गोळी लागली नाही कारण त्यांच्या विहिरीला पाणी होतं, ही चांगलीच गोष्ट आहे.

आणि एखाद्या वाचक बाईच्या घरी सांगितलं तर मारहाण होईल, माहेरी धाडतील, सोडचिठ्ठीची भाषा होईल, अशी परिस्थिती असेल तर तिला मी सगळं सांगून टाक म्हणणार नाही. तिने रात्री झोपतानाची वेळ धरावी, बाटली आशाताईकडे किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवावी, आणि दवाखान्यात एकटीने बोलायला वेळ मागावा. गोळी मात्र सोडू नये.

आता पुढचं वेळापत्रक. टीएसएच दर चार आठवड्यांनी, साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत, डोस बदलला तर त्यानंतर चार आठवड्यांनी, आणि मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस थांबव आणि लॅबमध्ये सांग, त्याने आकडे चुकतात. बारा आठवड्यांच्या आत आशाताईकडे नाव नोंदव, माता-बाल संरक्षण कार्ड घे, आणि त्यावर मोठ्या अक्षरात "थायरॉईडची गोळी चालू" असं डोससकट लिहून घे. रात्री-बेरात्री अनोळखी दवाखान्यात जायची वेळ आली तर ती ओळ बोलेल. चौथा महिना लागला की दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तीही चुकवू नकोस. तुला तज्ज्ञाकडे पाठवायची वेळ आली तर आपल्या भागात छत्रपती संभाजीनगरचा घाटी दवाखाना आहे, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, लांब पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. रक्तस्राव, पोटात जोराची कळ असं काही झालं तर वाट न बघता १०८ ला फोन.

बीडकडच्या, पाथरी-गंगाखेडच्या ज्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी दोन ओळी. निघायच्या आधी तीन-चार महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घ्या आणि कार्ड सोबत ठेवा. कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, बाटली उन्हाच्या बाजूला नको, कपड्यांच्या गाठोड्याच्या मधोमध ठेवा. पहाटे तोडीला निघण्याआधी गोळी, भाकरी फडात गेल्यावर. कारखान्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून टीएसएचबद्दल विचारा. गोळी संपायला पंधरा दिवस असतानाच मुकादमाला सांगा, संपल्यावर नको.

बाळंतपण झालं की डोस बहुतेक वेळा परत आधीसारखा कमी होतो. तो डॉक्टर सांगतील तसा करायचा आणि सहा आठवड्यांनी टीएसएच तपासायचं. अंगावर पाजायला या गोळीची अडचण नाही. लेकरू तीन ते पाच दिवसांचं असताना टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याचं थायरॉईड तपासता येतं का, हे दवाखान्यात विचार. ही तपासणी तुझ्यामुळे नव्हे, प्रत्येकच बाळाची व्हायला हवी.

उद्या पहाटे गोळी घेतलीस की कॅलेंडरवर त्या तारखेला एक खूण कर, आणि तिथून चार आठवडे मोजून दुसरी. त्या दुसऱ्या खुणेच्या दिवशी रक्त दिलंस की आकडा मला लिहून पाठव, तारखेसकट.